ओरेक्झिन: मेंदूतलं हे छोटंसं पेप्टाइड प्राण्यांना जागं कसं ठेवतं?

एका डॉबरमन कुत्र्यासमोर त्याचं आवडतं खाणं ठेवलं आहे. तो शेपूट हलवत धावत येतो, पहिला घास घेतो आणि तेवढ्यात त्याचे मागचे पाय लुळे पडतात. मान खाली जाते आणि कुत्रा जमिनीवर कोसळतो. थोड्या वेळानं तो उठतो आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा खायला लागतो.

अशा कुत्र्यांचे व्हिडिओ सोशल मीडियावर अधूनमधून फिरतात आणि खाली हसऱ्या इमोजींची रांग लागते. पण तो कुत्रा दमलेला नसतो की आळशी नसतो. त्याला नार्कोलेप्सी नावाचा आजार असतो. या आजाराच्या कुत्र्यांवर स्टॅनफर्ड विद्यापीठात अनेक वर्षं संशोधन झालं आणि त्यातूनच आपण जागे कसे राहतो, या प्रश्नाचं एक मोठं उत्तर मिळालं. त्या उत्तराचं नाव आहे ओरेक्झिन.

थोडक्यात सांगायचं तर

- ओरेक्झिन हे मेंदूत तयार होणारं, संप्रेरकासारखं काम करणारं पेप्टाइड आहे. १९९८ मध्ये ते सापडलं.
- ते प्राण्याला 'जास्त वेळ' जागं ठेवतं असं म्हणण्यापेक्षा, जाग 'टिकवून' धरतं असं म्हणणं बरोबर ठरेल.
- ते तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की माणसाला नार्कोलेप्सी होते.
- झोपेची काही नवी औषधं ओरेक्झिनला अडवून काम करतात. इंटरनेटवर 'स्लीप पेप्टाइड' म्हणून जे विकलं जातं, त्याची गोष्ट मात्र वेगळी आहे.

पेप्टाइड म्हणजे नेमकं काय?

प्रथिनं अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनतात, हे शाळेत आपण शिकलो आहोत. साखळी आखूड असली, म्हणजे दोन-चारपासून काही डझन अमिनो आम्लांची असली, तर तिला पेप्टाइड म्हणतात. बाळंतपणात आणि स्तनपानात महत्त्वाचं असलेलं ऑक्सिटोसिन फक्त ९ अमिनो आम्लांचं आहे. मधुमेहामुळे घरोघरी माहीत झालेलं इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं आहे.

इन्सुलिनसारखं संप्रेरक रक्तातून प्रवास करतं आणि दूरच्या अवयवांना निरोप देतं. मेंदूतल्या चेतापेशीसुद्धा अशी पेप्टाइड बनवतात. त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. चेतापेशी एरवी एकमेकींशी बोलतात ते क्षणार्धात, अगदी शेजारच्या पेशीपुरतं. न्यूरोपेप्टाइडचा निरोप त्या मानानं सावकाश पोहोचतो, लांबवर पसरतो आणि त्याचा परिणाम जास्त वेळ राहतो. म्हणूनच भूक, तहान, भीती, झोप अशा मिनिटं किंवा तास टिकणाऱ्या अवस्थांमध्ये न्यूरोपेप्टाइडचं काम मोठं असतं.

एक गैरसमज इथेच दूर करू. झोपेशी जोडलं जाणारं मेलाटोनिन हे संप्रेरक आहे, पण ते पेप्टाइड नाही. ते ट्रिप्टोफॅन या एकाच अमिनो आम्लापासून तयार होतं.

झोपेचं रसायन शोधण्याची धडपड

'जागरण केलं की शरीरात काहीतरी साठतं आणि त्यामुळे झोप येते' ही कल्पना जुनी आहे. ती तपासून पाहायचं काम जपानच्या नागोयामध्ये कुनिओमी इशिमोरी यांनी आणि पॅरिसमध्ये आंरी पिएराँ यांनी एकाच सुमारास, पण एकमेकांपासून स्वतंत्रपणे केलं. इशिमोरींचं काम १९०९ मध्ये प्रसिद्ध झालं. दोघांनीही कुत्र्यांना दीर्घकाळ जागं ठेवलं, त्यांच्या मेंदूतून झोप आणणारं काही मिळतं का ते पाहिलं आणि ते ताज्यातवान्या कुत्र्यांना टोचलं. ते कुत्रे पेंगायला लागले.

म्हणजे काहीतरी होतं. पण ते काय, हे शोधायची साधनं तेव्हा नव्हती.

१९६० च्या दशकात हार्वर्डमध्ये जॉन पॅपनहायमर यांनी हाच प्रयोग बकऱ्यांवर केला. जागवलेल्या बकऱ्यांच्या मेंदूभोवतीचा द्रव दुसऱ्या प्राण्यांना दिला की ते जास्त झोपत. या शोधाचा शेवट मजेशीर झाला. १९८२ मध्ये झोप आणणारा असाच एक घटक ओळखता आला आणि तो निघाला म्युरामिल पेप्टाइड, म्हणजे जिवाणूंच्या पेशीभिंतीचा तुकडा! जागरणाचं रसायन शोधता शोधता हाती आला संसर्गाशी जोडलेला धागा. आजारपणात आपण दिवसभर अंथरुणात का लोळतो, याच्या उत्तराकडे जाणारी वाट त्यातून सापडली. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा जिवाणूंचे असे तुकडे ओळखते आणि तिच्या हालचालींमुळे झोप वाढते.

१९७७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी सशांच्या रक्तातून ९ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड वेगळं केलं आणि त्याला 'डेल्टा स्लीप इंड्यूसिंग पेप्टाइड', म्हणजेच 'डीएसआयपी' असं नाव दिलं. डेल्टा म्हणजे गाढ झोपेत मेंदूत उठणाऱ्या संथ लहरी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

१९९८: एकच पेप्टाइड, दोन नावं

सगळे झोप आणणारं रसायन शोधत होते. हाती लागलं ते जागं ठेवणारं, आणि तेही झोपेचा विचार मनात नसताना.

१९९८ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या दोन गटांनी काही आठवड्यांच्या अंतरानं एकच शोध जाहीर केला. कॅलिफोर्नियातल्या गटात लुईस द लेसेआ, थॉमस किल्डफ आणि ग्रेगर सटक्लिफ होते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात कोणती जनुकं खास काम करतात, हे ते शोधत होते. त्यांना सापडलेलं पेप्टाइड आतड्यातल्या सिक्रेटिन या संप्रेरकाशी मिळतंजुळतं वाटलं, म्हणून हायपोथॅलॅमस आणि सिक्रेटिन मिळून त्यांनी नाव ठेवलं 'हायपोक्रेटिन'.

दुसरा गट टेक्सासमधल्या डॅलसचा. तिथे ताकेशी साकुराई आणि मासाशी यानागिसावा यांनी हेच पेप्टाइड उंदरांच्या मेंदूत सोडलं, तेव्हा उंदीर जास्त खाऊ लागले. ग्रीक भाषेत भुकेला 'ओरेक्सिस' म्हणतात, त्यावरून नाव पडलं 'ओरेक्झिन'. आजही दोन्ही नावं वापरात आहेत. या लेखात आपण ओरेक्झिन म्हणू.

ओरेक्झिनचे दोन प्रकार आहेत. ए प्रकारात ३३ अमिनो आम्लं असतात आणि बी प्रकारात २८. दोन्ही एकाच मोठ्या प्रथिनापासून तुकडे होऊन बनतात. पेशींवर त्यांचा निरोप घेणारे ग्राहीही दोन प्रकारचे आहेत, एक आणि दोन क्रमांकाचे. हे पेप्टाइड भुकेचं आहे, असंच वर्षभर सगळ्यांना वाटत होतं.

कुत्र्यांनी दिलेलं उत्तर

इकडे स्टॅनफर्डमध्ये वेगळीच गोष्ट चालली होती. झोपेच्या अभ्यासातलं मोठं नाव असलेल्या विल्यम डिमेंट यांनी १९७० च्या दशकात नार्कोलेप्सी असलेले कुत्रे सांभाळायला सुरुवात केली होती. डॉबरमन आणि लॅब्राडॉर जातींमध्ये हा आजार आईवडिलांकडून पिल्लांकडे जातो, हे लक्षात आलं. दोष असलेलं जनुक आई आणि वडील दोघांकडून मिळालं, तरच पिल्लाला आजार होत होता.

आजार किती तीव्र आहे हे मोजायची पद्धतही साधी होती. जमिनीवर खाण्याचे तुकडे ओळीनं मांडायचे आणि ते संपवायला कुत्र्याला किती वेळ लागतो, मध्ये किती वेळा तो कोसळतो, हे मोजायचं. आनंद झाला की स्नायू लुळे पडायचे. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. या वेळी प्राणी शुद्धीवर असतो, फक्त शरीर हलत नाही.

इमॅन्युएल मिनो यांच्या गटानं या दोषी जनुकाचा जवळपास दहा वर्षं शोध घेतला. कुत्र्याच्या जनुकांचा संपूर्ण नकाशा तेव्हा उपलब्ध नव्हता. ऑगस्ट १९९९ मध्ये त्यांनी उत्तर जाहीर केलं. बिघाड ओरेक्झिनच्या दोन क्रमांकाच्या ग्राहीच्या जनुकात होता. कुत्र्यांच्या मेंदूत ओरेक्झिन होतं, पण त्याचा निरोप घेणारं कुणी नव्हतं.

त्याच महिन्यात यानागिसावांच्या गटाचा निबंधही प्रसिद्ध झाला. त्यांनी ओरेक्झिन न बनवणारे उंदीर तयार केले होते. दिवसा ते ठीक दिसायचे. पण उंदीर निशाचर आहेत, म्हणून संशोधकांनी इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं त्यांचं रात्रीचं चित्रीकरण केलं. इकडे तिकडे पळणारे उंदीर मध्येच धपकन पडत आणि थोड्या वेळानं उठून पुन्हा पळू लागत. कुत्र्यांमध्ये निरोप घेणारा नव्हता, उंदरांमध्ये निरोपच नव्हता. परिणाम मात्र सारखाच.

या कामासाठी मिनो आणि यानागिसावा यांना २०२३ चं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं.

माणसात काय बिघडतं?

नार्कोलेप्सी हे नाव फ्रेंच डॉक्टर जाँ-बातिस्त जेलिनो यांनी १८८० मध्ये दिलं. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं हा आजार नक्की कशामुळे होतो ते कळत नव्हतं. मन कमकुवत आहे, लक्ष नाही, कामचुकारपणा आहे, असे शिक्के रुग्णांवर बसत राहिले.

२००० मध्ये चित्र पालटलं. नार्कोलेप्सीच्या ९ रुग्णांच्या पाठीच्या कण्यातला द्रव तपासला, तर ७ जणांमध्ये ओरेक्झिन सापडलंच नाही. मृत्यूनंतर तपासलेल्या रुग्णांच्या मेंदूंमध्ये ओरेक्झिन बनवणाऱ्या पेशी ८५ ते ९५ टक्क्यांनी कमी होत्या. विशेष म्हणजे त्यांच्या शेजारीच असलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी शाबूत होत्या. म्हणजे नेमक्या ओरेक्झिनच्याच पेशी वेचून नष्ट झाल्या होत्या.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यातल्या ओरेक्झिनच्या पेशी साधारण ५० ते ८० हजार. इतक्या थोड्या पेशी गेल्या आणि माणसाची जाग विस्कटली.

या पेशी कोण मारतं? पुरावे शरीराच्या स्वतःच्याच रोगप्रतिकारक यंत्रणेकडे बोट दाखवतात. कॅटाप्लेक्सीसह नार्कोलेप्सी असलेल्या बहुसंख्य रुग्णांमध्ये रोगप्रतिकारक यंत्रणेशी संबंधित एका जनुकाचा विशिष्ट प्रकार आढळतो. पण तोच प्रकार असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार कधीच होत नाही. म्हणजे बाहेरून एखादी ठिणगी लागते. २००९-१० च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर चीनमध्ये नार्कोलेप्सीचे रुग्ण वाढले. त्याच काळात फिनलंड, स्वीडन अशा युरोपीय देशांत 'पँडेमरिक्स' ही त्या फ्लूची लस घेतलेल्या मुलांमध्ये आणि तरुणांमध्येही प्रमाण वाढलं. ती लस आता वापरात नाही. हा धोका एका विशिष्ट लसीशी जोडलेला होता. त्यावरून सगळ्या लसींना दोष देणाऱ्या पोस्टना आधार नाही.

दाराला लावलेला दगड

ओरेक्झिन नेमकं करतं काय? 'झोप उडवतं' हे उत्तर अपुरं आहे. ओरेक्झिन नसलेले उंदीर २४ तासांत एकूण जवळपास इतर उंदरांइतकेच झोपतात. नार्कोलेप्सी असलेली माणसंसुद्धा दिवसरात्र मिळून फार जास्त झोपतात असं नाही. दिवसा त्यांना पुनःपुन्हा झोप येते, तशी रात्री त्यांची झोप पुनःपुन्हा मोडतेही.

मेंदूच्या तळाशी जाग आणणाऱ्या पेशींचे काही गट आहेत. ते हिस्टामिन, नॉरअॅड्रेनॅलिन, सेरोटोनिन, डोपामाइन अशी रसायनं सोडतात. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात झोप आणणाऱ्या पेशी आहेत. त्या गाबा हे रसायन आणि गॅलॅनिन नावाचं पेप्टाइड सोडून जाग आणणाऱ्या पेशींना गप्प करतात. दोन्ही गट एकमेकांना दाबत असतात. त्यामुळे प्राणी एक तर जागा असतो, नाही तर झोपलेला असतो. अधेमधे तो फार काळ राहत नाही.

ही व्यवस्था दारासारखी आहे. दार उघडं असेल किंवा बंद. पण उघडं दार वाऱ्यानं आपटून बंद होऊ नये म्हणून आपण त्याला दगड लावतो. ओरेक्झिन हा तो दगड आहे. हायपोथॅलॅमसच्या कडेच्या भागातून निघालेले या पेशींचे तंतू जाग आणणाऱ्या सगळ्या गटांपर्यंत पोहोचतात आणि त्यांना चालू ठेवतात. दगड काढला तर दार उघडता येतं, पण ते टिकत नाही. जराशा झुळुकीनं आपटतं.

कॅटाप्लेक्सीचं कोडंही यातून उलगडतं. स्वप्नं पडतात त्या झोपेत आपले स्नायू मेंदूच्या आदेशानं लुळे केलेले असतात, नाही तर स्वप्नात पळताना आपण खरंच पळू. ओरेक्झिन नसेल तर हा लुळेपणा जागेपणी घुसतो. त्यातही हसताना किंवा आनंदाच्या क्षणी जास्त.

ओरेक्झिनच्या पेशी थेट जाग आणू शकतात का, हे २००७ मध्ये तपासलं गेलं. द लेसेआ यांच्या गटानं उंदरांमधल्या याच पेशी प्रकाशाला प्रतिसाद देतील अशा बदलल्या आणि बारीक तंतूमधून त्यांच्यावर निळा प्रकाश सोडला. झोपलेले उंदीर जागे होण्याची शक्यता वाढली. २०२२ मध्ये त्यांच्याच गटानं दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांमध्ये या पेशी कमी उरतात, पण उरलेल्या पेशी सहज उत्तेजित होतात आणि त्यामुळे झोप वारंवार मोडते. घरातली वडीलधारी मंडळी रात्री चार वेळा का उठतात, याचं एक कारण इथे दडलेलं असू शकतं.

मग भुकेचं काय?

भुकेचा अंदाज पूर्ण चुकीचा नव्हता. उपाशी पोटी झोप लागत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. उंदरांना उपाशी ठेवलं तर ते जास्त वेळ जागे राहून अन्न शोधतात. पण ज्या उंदरांच्या ओरेक्झिन पेशी नष्ट केल्या आहेत, ते उपाशी असूनही तसे जागत नाहीत. २००३ मध्ये जपानी संशोधकांनी हे दाखवलं.

भुकेल्या पोटातून येणारं घ्रेलिन या पेशींना चेतवतं. शरीरातल्या चरबीकडून येणारं लेप्टिन आणि रक्तातली साखर त्यांना शांत करतात. प्राण्याच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं आहे. पोट रिकामं असेल तर जागं राहा आणि शोध, भरलं असेल तर विश्रांती घे. दुपारी भरपेट जेवणानंतर वामकुक्षीची जी ओढ लागते, तिच्या अनेक कारणांपैकी हेही एक असावं.

माशांपासून कृमींपर्यंत

ओरेक्झिन पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये सगळीकडे आढळतं. झेब्राफिश या चिमुकल्या माशाच्या पिल्लांमध्ये ते जास्त बनवलं तर ती कमी झोपतात.

सगळ्यात बोलकं उदाहरण मेक्सिकोतल्या आंधळ्या गुहामाशांचं आहे. याच जातीचे काही मासे नद्यांमध्ये राहतात आणि भरपूर झोपतात. काही पिढ्यानपिढ्या अंधाऱ्या गुहांमध्ये राहिले, त्यांचे डोळे गेले आणि झोपही कितीतरी कमी झाली. २०१८ मधल्या अभ्यासात गुहामाशांच्या मेंदूत ओरेक्झिनचं प्रमाण वाढलेलं दिसलं. ते अडवल्यावर हे मासे जास्त झोपू लागले. जिथे अन्न क्वचित मिळतं, तिथे जास्त वेळ जागं राहणं फायद्याचं ठरलं असावं.

ओरेक्झिनच्या शेजारच्या पेशींमध्ये एमसीएच नावाचं दुसरं पेप्टाइड बनतं. नार्कोलेप्सीत शाबूत राहणाऱ्या त्या शेजारच्या पेशी म्हणजे याच. हे पेप्टाइड १९८३ मध्ये सॅमन माशात सापडलं. तिथे ते खवल्यांचा रंग फिका करतं. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत मात्र ते स्वप्नांची झोप वाढवतं. निसर्गात एकच पेप्टाइड वेगवेगळ्या प्राण्यांत वेगवेगळ्या कामाला जुंपलेलं दिसतं, त्याचं हे छान उदाहरण.

कीटकांमध्ये ओरेक्झिन नाही, पण पेप्टाइडची पद्धत तीच आहे. फळमाशीत पीडीएफ हे १८ अमिनो आम्लांचं पेप्टाइड शरीराच्या घड्याळाचा निरोप पोहोचवतं आणि माशीला जागं ठेवायला मदत करतं. २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अमिता सेहगल यांच्या गटाला फळमाशीत झोप आणणारं पेप्टाइड सापडलं. जपानी भाषेत झोपेला 'नेमुरी' म्हणतात, तेच नाव त्याला दिलं. हे पेप्टाइड जिवाणूही मारतं. आजारी माशी त्यामुळे जास्त झोपते आणि तिची जगण्याची शक्यताही वाढते. आजारपण आणि झोप यांचा तोच जुना धागा इथे पुन्हा दिसतो.

आणि ३०२ चेतापेशी असलेल्या सी. एलिगन्स या सूक्ष्म कृमीत तर 'आरआयएस' नावाची एकच पेशी एफएलपी-११ हे पेप्टाइड सोडून त्याला झोपवते.

यातून कोणती औषधं आली?

बहुतेक जुन्या झोपेच्या गोळ्या मेंदूला एकूणच मंद करतात. नव्या गटातल्या गोळ्या ओरेक्झिनचे ग्राही अडवतात, म्हणजे दाराचा दगड थोडा वेळ बाजूला करतात. अमेरिकेच्या एफडीएनं यातलं पहिलं औषध, सुव्होरेक्झंट, २०१४ मध्ये मंजूर केलं. त्यानंतर लेंबोरेक्झंट आणि डॅरिडोरेक्झंट आली. दुसऱ्या दिवशी गुंगी राहणं हा यांचाही दुष्परिणाम आहे आणि नार्कोलेप्सीच्या रुग्णांनी ती घ्यायची नसतात. ही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायची औषधं आहेत.

नार्कोलेप्सीसाठी उलट हवं, ओरेक्झिन परत द्यायला हवं. पण पेप्टाइड गिळलं तर ते पोटात पचून जातं आणि रक्तातून मेंदूत पुरेसं पोहोचवणं कठीण असतं. म्हणून ओरेक्झिनची नक्कल करणारा, गोळीतून देता येईल असा लहान रेणू शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले. टाकेडा या जपानी कंपनीच्या पहिल्या गोळीनं रुग्णांची पेंग लक्षणीय कमी केली, पण काहींच्या यकृताला इजा झाल्यानं २०२१ मध्ये चाचणी थांबवावी लागली. त्यांच्या ओव्हेपोरेक्स्टन या पुढच्या औषधाच्या चाचणीचे आशादायक निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

'स्लीप पेप्टाइड'च्या जाहिराती खऱ्या की खोट्या?

आता त्या डीएसआयपीकडे येऊ. सध्या 'पेप्टाइड' या शब्दाला सोशल मीडियावर भाव आहे. गाढ झोप देणारं इंजेक्शन म्हणून डीएसआयपीच्या कुप्या ऑनलाइन विकल्या जातात. नावातच 'स्लीप' असल्यानं विश्वासही बसतो.

पण ते सापडून जवळपास अर्धशतक झालं, तरी ते शरीरात बनवणारं जनुक सापडलेलं नाही. त्याचा निरोप घेणारा ग्राहीही सापडलेला नाही. प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. एफडीएनं झोपेसाठी हे औषध मंजूर केलेलं नाही. अनेक कुप्यांवर तर 'फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही' असं छापलेलं असतं. कुपीत नक्की काय आहे, किती आहे आणि ते निर्जंतुक आहे का, याची हमी कुणी देत नाही.

ओरेक्झिनशी तुलना करून पाहा. त्याचं जनुक माहीत आहे, ग्राही माहीत आहेत. ते काढलं तर काय होतं हे कुत्र्यांत, उंदरांत आणि माणसांत दिसलं आहे. आणि एवढं माहीत असूनसुद्धा त्याची नक्कल करणारं पहिलं औषध यकृतावर अडखळलं. जिथे एवढीही माहिती नाही, ते इंजेक्शन रीलवर पाहून टोचून घेणं किती धोक्याचं आहे, याचा अंदाज यावरून येईल.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

युरोप-अमेरिकेत साधारण दोन-चार हजार लोकांमागे एकाला नार्कोलेप्सी असते. आजार अनेकदा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो आणि निदान व्हायला कित्येक वर्षं जातात. तोवर मूल वर्गात झोपतं म्हणून बोलणी खात राहतं. ही लक्षणं लक्षात ठेवा:

- रात्री पुरेशी झोप होऊनही दिवसा रोज आवरता न येणारी झोप, बोलता बोलता किंवा खाता खातासुद्धा.
- खळखळून हसताना किंवा आनंद, राग अनावर झाल्यावर गुडघे वाकणं, जबडा किंवा मान सैल पडणं, पण शुद्ध कायम असणं.
- झोप लागताना किंवा जाग येताना शरीर हलवता न येणं, विचित्र भास होणं. हे निरोगी माणसालाही कधीतरी होतं, पण वरच्या लक्षणांसोबत वारंवार होत असेल तर दुर्लक्ष करू नका.

दिवसा झोप येण्याची इतर कारणं नार्कोलेप्सीपेक्षा खूप जास्त आढळतात. अपुरी झोप, घोरण्यासोबत श्वास अडकणं, थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, काही औषधं अशी ती यादी आहे. नेमकं कारण मेंदूविकारतज्ज्ञ किंवा झोपेचे तज्ज्ञ डॉक्टर सांगू शकतात. त्यासाठी रात्रभराची झोपेची चाचणी आणि दुसऱ्या दिवशी ठरावीक अंतरानं डुलक्या घ्यायला लावून केलेली चाचणी करतात. निदान झालं तर औषधं, ठरवून घेतलेल्या छोट्या डुलक्या आणि झोपेच्या ठरलेल्या वेळा यांचा चांगला उपयोग होतो. वाहन चालवण्याबद्दल मात्र डॉक्टरांशी आधी बोलायलाच हवं.

आणि वर्गात किंवा कामावर सारखं पेंगणारं कुणी दिसलं, तर 'आळशी' म्हणण्याआधी एकदा विचारा की त्याला हसताना कधी गुडघ्यातून वाकल्यासारखं होतं का. उत्तर 'हो' आलं, तर त्याला व्हिडिओची नाही, डॉक्टरांची गरज आहे.